तेर, धाराशिवची लेणी आणि नळदुर्ग: घरच्यांना घेऊन दोन दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं माहेर लातूरचं, सासर पुण्याचं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आम्ही आतापर्यंत चार वेळा जाऊन आलो. एकदा दोघंच, एकदा मुलांना घेऊन, एकदा सासूबाई-सासरे बरोबर असताना आणि एकदा भावाच्या कुटुंबासह दोन गाड्या करून. प्रत्येक वेळी परत आल्यावर नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, मुलांच्या शाळेतल्या पालकांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

तेरला बघायचं तरी काय? तिथं नुसती मातीच आहे म्हणतात.

वेरूळ-अजिंठा बघून आलेल्या माणसाला तेर पहिल्या अर्ध्या तासात काहीच दाखवत नाही. तेरणा नदीच्या काठचं मोठं गाव, बाजारपेठ, उसाचे ट्रॅक्टर, चहाची टपरी, आणि घरांच्या अधेमधे पांढुरक्या मातीचे उंचवटे. आपल्याकडं गावात म्हणतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत आलेली जागा. घरं पडतात, त्यांच्या भिंतींची माती होते, तिच्यावर पुन्हा घरं उभी राहतात आणि पांढरी वर चढत जाते. तेरची पांढरी दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहे.

तिच्याखाली तगर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक वाटपोथी लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात दख्खनमधल्या दोन बाजारपेठा ठळकपणे येतात, पैठण आणि तगर. गुजरातमधल्या भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून आणखी दहा दिवसांवर तगर, फार मोठं शहर, असं तो लिहितो. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड जायचे. तगरहून जायचं कापड, जाडंभरडंही आणि तलम मलमलही. आडवाटांनी गाड्या हाकत हा माल भडोचच्या बंदरात पोचायचा आणि तिथून पुढं जहाजानं पश्चिमेकडं.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांचा वाद बरीच वर्षं चालला. कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर. पुराभिलेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये तगर म्हणजे तेर हे मांडलं आणि ते पुढं मान्य झालं. नाव कसं झिजलं ते बघा: तगर, तयर, तेर. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. समुद्रकाठी राज्य करणाऱ्या घराण्याला आपलं मूळ गाव म्हणून या तेरणाकाठच्या शहराचं नाव बिरुदात मिरवावंसं वाटत होतं.

मी सगळ्यांना एकच सांगते, तेरचं सगळं मातीचं आहे. मंदिरं विटांची, संग्रहालयातल्या बाहुल्या भाजलेल्या मातीच्या, आणि गावाचा संत कुंभार. गाडीत बसल्या बसल्या हे मुलांना सांगून ठेवा. मग त्यांची नजर उंच शिखरं शोधत नाही, खाली आणि जवळ बघू लागते.

दोन दिवसांत काय काय बसतं?

आम्ही पुण्याहून शनिवारी पहाटे पाचला निघतो. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी अशा वाटेनं, नाश्त्याला थांबून, साडेदहा-अकरापर्यंत तेर. दिवसभर तेर, मुक्काम धाराशिवला. रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत धाराशिवची लेणी, मग तुळजापूरवरून नळदुर्ग, दुपारनंतर सोलापूरला येऊन हमरस्त्यानं घरी. म्हणजे जायची वाट वेगळी, यायची वेगळी.

यात पावसाळ्यात येडशीचं रामलिंग बसवता येतं. बालाघाटाच्या रांगेतलं अभयारण्य, दरीत महादेवाचं देऊळ, पाऊस चांगला झाला असेल तर धबधबा. पण मग तेरला एक तास कमी पडतो, आणि तेरचा तास मी तरी कशासाठीही देणार नाही.

लातूर, सोलापूर किंवा बार्शीहून येणाऱ्यांना एवढं पहाटे उठायची गरज नाही.

गाडी नसेल तर?

जमतं. मुंबई-लातूर एक्स्प्रेस रात्रीची आहे, पुणे-कुर्डुवाडी-बार्शी मार्गानं येते आणि धाराशिवला थांबते. धाराशिवहून तेर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. लातूरकडून येणाऱ्यांनी मुरूडमार्गे ढोकीला उतरावं, तिथून तेर जवळ आहे.

एसटीत सध्या महिलांना तिकीट निम्मं आहे, 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. घरात आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर हा हिशोब करून बघाच. आजोबांचं आधार कार्ड मात्र विसरू नका, वाहक ते बघतात.

लेणी आणि नळदुर्गसाठी धाराशिवमधून दिवसभराची गाडी ठरवणं बरं. एसटीनं दोन्ही जोडायला गेलात तर सगळा दिवस स्टँडवर जातो.

तेरलाच मुक्काम करता येईल का?

भक्तांसाठी सोय असते, पण लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर धाराशिवचं लॉज सोयीचं पडतं. खोली ठरवली असली तरी आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा. एकदा रात्री नऊला आम्ही पोचलो आणि आमच्या खोल्या दुसऱ्यांना देऊन झाल्या होत्या. पौर्णिमा होती, तुळजापूरला जाणाऱ्यांनी सगळी लॉजं भरलेली, आणि सासऱ्यांना तास-दीड तास गाडीत बसून राहावं लागलं. तेव्हापासून मी निघायच्या आधी पंचांगात तिथी बघते.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या धरणावरून कोसळणारं पाणी बघायचंच असेल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, तेही पाऊसमान बघून. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि इथलं ऊन कोरडं, अंगाची काहिली करणारं असतं. त्या दिवसांत मुलांना नेऊ नका.

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे साधारण डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत, लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्या असते. आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गावं आणि शहरं ओस पडतात, दुकानं बंद, रस्ते रिकामे, कारण सगळं घरदार शेतात असतं. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पांडव मांडतात, पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. भज्जी म्हणजे कांदाभजी समजू नका. वाटाणा, तूर, हरभरा, वाल अशा ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन लावून शिजवलेली ती घट्टसर भाजी आहे. या भागात कुणी ओळखीचं असेल आणि बोलावलं असेल तर सगळा बेत बाजूला ठेवून त्यांच्या शेतात जा. ओळख नसेल तर तो दिवस टाळा, हॉटेलात चहासुद्धा मिळायची मारामार असते.

त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होतं हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्यावरून घरात वादही होतात. चैत्य म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह.

आधी ते दिसतं कसं ते सांगते. समोरचा मंडप नंतरच्या काळातला आहे, तो ओलांडून थेट आत न जाता मंदिराच्या मागं जा. मागची भिंत कोपरे न काढता गोल वळलेली दिसेल, बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखी. म्हणून अशा वास्तूला गजपृष्ठाकार म्हणतात. वर छप्पर पालथ्या अर्ध्या नळीसारखं, पुढच्या बाजूला चैत्य कमानीचा आकार. कार्ले-भाज्याच्या लेण्यांत डोंगर कोरून जो आकार केला, तोच इथं विटा रचून मोकळ्या जमिनीवर उभा केला आहे. आपल्या देशात अशी जुनी, विटांची, अजून उभी असलेली गजपृष्ठाकार वास्तू बोटांवर मोजण्याइतकी आहे. आंध्रातलं चेझर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे तसंच दुसरं ठळक नाव.

हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तेरची पाहणी करून पुरातत्त्व खात्याच्या 1902-03 च्या अहवालात लिहिलं, तेव्हा आकारावरून त्यांनी हा मुळातला बौद्ध चैत्य मानला. तेरला उत्खननात विटांचा स्तूपही सापडलेला आहे, त्यामुळे इथं बौद्ध वस्ती होती यात शंका नाही. पण गजपृष्ठाकार आकार हिंदू देवळांनीही वापरला होता, म्हणून हे पहिल्यापासून विष्णूचंच असावं असं मानणारेही अभ्यासक आहेत. आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, एक पाय वर उचललेली, बळीराजाच्या दारी तीन पावलं मागणारा वामन विश्वाएवढा झाला ती. रोज पूजा होते. गावातली माणसं चपला काढून आत जातात, घंटा वाजवतात आणि कामाला लागतात.

माझं मत विचाराल तर मुलांना दोन्ही बाजू सांगा आणि मागच्या त्या गोल भिंतीजवळ पाच मिनिटं उभं करा. माझी मुलगी भिंतीला हात लावून चालत गेली आणि म्हणाली, “आई, कोपरा येतच नाही.”

तिथल्या विटा पाण्यावर तरंगतात का?

हो, तेरच्या जुन्या विटांची ही ख्याती आहे. पण देवळाची वीट काढून कुणी बघायची नाही, हे आधीच सांगते.

वीट तरंगते याचं कारण साधं आहे. मातीत भाताचं तूस भरपूर मिसळून वीट घालायची. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यांत हवा असते, म्हणून वीट हलकी होते. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच तरंगत्या विटांचं आहे. हलक्या विटेचा फायदा असा की वर बांधलेलं छप्पर किंवा शिखर कितीही मोठं असलं तरी खालच्या भिंतींवर भार कमी येतो.

उत्तरेश्वर मंदिरही विटांचंच, लहानसं. त्याच्या भिंतीच्या उघड्या पडलेल्या भागाकडं अगदी जवळून बघा. विटेच्या अंगावर बारीक, लांबट खाचा दिसतात, नखानं ओरखडल्यासारख्या. त्या तुसाच्या खुणा. ते भात पिकलं, कांडलं गेलं, त्याचा कोंडा कुणीतरी मातीत कालवला, आणि तो जळून गेल्यावरही त्याचा आकार शिल्लक राहिला. मला तेरमध्ये सर्वांत जास्त हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते.

याच मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. आपल्या हवेत, वाळवी आणि पावसात, एवढं जुनं लाकूड सहसा टिकत नाही. संग्रहालयात तिच्याबद्दल आवर्जून विचारा.

संग्रहालयाला किती वेळ द्यावा?

किमान दीड तास. आणि सोमवारी जाऊ नका. आमची पहिली फेरी सुटीला जोडून आलेल्या सोमवारी झाली आणि कुलूप बघून परतलो. निघण्याआधी ते उघडं आहे याची खात्री करून घ्या.

हे शासनाचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं आहे. लामतुरे तेरचेच. पाऊस झाला की पांढरीच्या उतारावरची माती वाहून जाते आणि आतलं काहीबाही उघडं पडतं: मणी, नाणं, बाहुलीचं मुंडकं. गावातली पोरं ते गोट्या म्हणून खेळतील किंवा कुणी भंगारात देईल, अशा काळात या माणसानं ते गोळा केलं, सांभाळलं. आज जे हजारो नमुने तिथं आहेत त्यांचा पाया त्यांच्या संग्रहाचा. पुढं उत्खननं झाली, त्यातलं बी. एन. चापेकर यांनी 1958 साली केलेलं उत्खनन महत्त्वाचं मानतात. पण गावातल्या एका माणसानं आधी ही माती ओळखली, हे मी मुलांना दर वेळी सांगते.

काय बघाल? सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, रंगीत दगडांचे मणी, जाती-पाटे आणि भाजलेल्या मातीच्या मूर्ती. काही मूर्ती पांढऱ्या चिकणमातीच्या, साच्यात घातलेल्या. त्यांची केसांची वळणं, कानातली कुंडलं, गालांचा गोलावा इतका नीट आहे की सासूबाई एका मुंडक्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हिच्यासारखा अंबाडा माझी आजी घालायची.”

सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. वीतभरही नाही. अंगावर दागिने ल्यालेली, कमरेला मेखला. इटलीतल्या पॉम्पे शहरात 1938 साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पे इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथं पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही उत्खननात तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. आपल्या मराठवाड्यातल्या दोन गावांत आणि थेट इटलीत एकाच घराण्याच्या वाटाव्यात अशा या बाया. जाण्यापूर्वी मुलांना पॉम्पेच्या मूर्तीचा फोटो मोबाइलवर दाखवून ठेवा आणि मग इथं सारखं काय, वेगळं काय ते त्यांनाच शोधू द्या.

मुलं कंटाळतील का?

सहा-सात वर्षांखालची कंटाळतील, त्यांच्यासाठी नदीकाठ आणि खाऊ हाताशी ठेवा. त्यापुढची मुलं कंटाळत नाहीत, फक्त त्यांना पाट्या वाचून दाखवत बसू नका. आम्ही एक खेळ करतो. तगरहून कापडाची गाडी भरून निघायचं आहे: आधी दहा दिवस पैठण, मग वीस दिवस भडोच. एकूण महिना. वाटेत नद्या किती लागतील? गोदावरी, तापी, नर्मदा. बैलांना वैरण कुठं घालायची? पाऊस लागला तर मलमल भिजू नये म्हणून काय करायचं? माझ्या मुलानं नकाशा काढून वाटेत सात मुक्काम ठरवले आणि एका मुक्कामावर दरोडाही घातला.

दुसरं म्हणजे जाण्याच्या आदल्या आठवड्यात घरी शाडूच्या किंवा कुंडीतल्या मातीचं काहीतरी करायला लावा. एक साधी पणती नीट करताना किती वेळा चिरते, हे हातांना कळलं की संग्रहालयातली बारीक कुंडलं वेगळी दिसतात.

गोरोबाकाकांच्या मंदिरात काय आहे?

तेरला येणारी बहुतेक माणसं यासाठीच येतात. तुम्ही अवशेष बघायला आला असलात तरी हे मंदिर सोडू नका.

संत गोरा कुंभार हे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातले, संतमेळ्यात वयानं वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे, शेजारी काळेश्वराचं देऊळ. गावात त्यांचं घर म्हणूनही जागा दाखवतात. चैत्र वद्य त्रयोदशीला पुण्यतिथी असते, त्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि दिंड्या येतात.

त्यांच्या दोन कथा सगळ्यांना ठाऊक असतात. एक चिखल तुडवताना विठ्ठलनामात हरपून रांगतं मूल पायाखाली आल्याची. ती मी लहान मुलांना तिथं सांगत नाही, माझी मुलगी पहिल्यांदा ऐकल्यावर रात्रभर झोपली नव्हती. दुसरी मात्र तिथंच, देवळाच्या ओट्यावर बसून सांगायची आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबांच्या हातातली थापटी बघून विचारलं, हे काय? ते म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी तपासा, असं ती म्हणाली. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत गेले. सगळे निमूट बसले, नामदेव तेवढे चिडले. हे मडकं कच्चं, असा निवाडा झाला. रुसलेले नामदेव विठ्ठलाकडं गेले आणि विठ्ठलानं त्यांना विसोबा खेचरांकडं, औंढा नागनाथला पाठवलं.

घरी कुंभाराचा माठ घेताना आई अजून बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी चीर. ही गोष्ट ऐकल्यापासून माझी मुलं घरातल्या प्रत्येक भांड्याला टिचक्या मारतात.

आजी-आजोबांना झेपेल का?

तेर झेपतं. सगळं गावातच आहे, अंतरं थोडी, गाडी जवळपास जाते. लेण्यांना पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर जपून. नळदुर्गात चालणं बरंच आहे आणि उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत. आमचे सासरे खाली सावलीत बसले, आम्ही वर जाऊन आलो.

जेवणाचं काय?

ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कांदा, वर दही. ढोकी-येडशी रस्त्यावरच्या आणि धाराशिवमधल्या साध्या खानावळींत हे चांगलं मिळतं. मांसाहार करत असाल तर हा उस्मानाबादी शेळीचा मुलूख आहे, मटणाचा रस्सा आणि कडक भाकरी कुस्करून खा. मुलांसाठी तिखट कमी सांगा, आणि सांगितलं तरी दही मागून ठेवा.

गोडात धाराशिवचे गुलाबजाम. भूम-कुंथलगिरीकडच्या खव्याची या जिल्ह्यात चैन आहे, त्यामुळे खव्याचं काहीही बिनधास्त घ्यावं.

तेरमध्ये दुपारच्या जेवणावर विसंबू नका. आम्ही घरून धपाटे आणि दही नेतो.

स्वच्छतागृहं?

मुक्कामाच्या ठिकाणाहून आणि वाटेतल्या मोठ्या हॉटेलातून निघताना सगळ्यांनी जाऊन यावं. पाणी आणि साबण बरोबर ठेवा.

धाराशिवची लेणी वेगळी बघण्यासारखी आहेत का, की अजिंठा बघितलाय म्हणून सोडावीत?

सोडू नका. शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या कुशीत ती आहेत. दुसऱ्या क्रमांकाचं लेणं मोठं आहे, त्याचा आराखडा अजिंठ्यातल्या वाकाटककालीन विहारांशी नातं सांगतो: मधे मोठं सभागृह, भोवती खांब, बाजूंना खोल्या, समोर गर्भगृह. चित्रं नाहीत, गर्दी नाही. सकाळी आठ वाजता आम्ही पाच जण आणि वटवाघळं एवढेच होतो.

तेरशी त्यांचा धागा असा. कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचलं. त्यात करकंड राजा तेरापूरला येतो, डोंगरातल्या लेण्याचं दर्शन घेतो, असा भाग आहे, आणि ती लेणी म्हणजे हीच असं अभ्यासक मानतात. बौद्ध आणि जैन दोन्ही परंपरांच्या खुणा या डोंगरात सांगितल्या जातात. तेरहून व्यापारी निघायचे, त्यांच्या वाटेवर भिक्षू आणि मुनी असायचे, हे चित्र मला इथं उभं राहिल्यावर पटतं.

विजेरी न्या. मोबाइलचा उजेड आत पुरत नाही.

नळदुर्गचं पाणी नेमकं कधी पडतं?

बोरी नदीवर किल्ल्याच्या पोटातच धरण घातलं आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, या धरणाच्या भिंतीत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की भिंतीवरून दोन धारा कोसळतात, लोक त्यांना नर-मादी म्हणतात. आत महालाच्या खिडकीत बसलात की समोरून पाण्याचा पडदा पडतो आणि तुम्ही कोरडे राहता. चारशे वर्षांपूर्वी धरण, महाल आणि किल्ल्याची तटबंदी यांचा एकत्र विचार करून केलेलं हे काम आहे, घरात कुणी इंजिनिअर असेल तर त्याला तिथून हलवणं अवघड जातं.

मात्र नदीला पाणी नसेल तर धारा नाहीत. दुष्काळाच्या वर्षी तर अजिबात नाहीत. निघण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या. पाणी असताना दगड शेवाळलेले असतात, मुलांचे हात सोडू नका आणि कठड्यावर बसून फोटो काढू देऊ नका.

तुळजापूरचं दर्शन त्यातच होईल का?

वाटेतच आहे, होईल. पण मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात रांगेतच दिवस जातो. रविवारीही गर्दी असते. दर्शन महत्त्वाचं असेल तर नळदुर्ग पुढच्या वेळेला ठेवा.

मुलानं पांढरीवरून एक खापर उचलून आणलं. आता काय करू?

हा प्रश्न मला एका वर्गमैत्रिणीनं रात्री साडेअकराला फोन करून विचारला होता आणि तिनं विचारला याचं मला फार बरं वाटलं.

पांढरीच्या उतारावर खापराचे तुकडे पायाखाली येतात. मुलांना ते उचलावेसे वाटणारच. उचलून बघू द्या, बोटानं त्याची कड चाचपू द्या, आतल्या बाजूला चाकावर फिरताना उमटलेल्या रेघा दाखवा. मग जिथं होतं तिथंच ठेवायला लावा. खापर कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरूनच अभ्यासकांना त्याचं वय कळतं. घरच्या शोकेसमध्ये ते नुसतं फुटकं मडकं राहतं. शिवाय कायदाही आहे. संरक्षित जागेवरून काही उचलून नेणं गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो 1878 चा कायदा अजून लागू आहे. पुरावस्तूंची खरेदी-विक्री 1972 च्या कायद्याखाली येते. गावात कुणी नाणी किंवा मणी विकायला आणले तर घेऊ नका.

मैत्रिणीला मी सांगितलं, खापर कागदात गुंडाळ, कुठं सापडलं ते मुलाच्याच अक्षरात चिठ्ठीवर लिहून घे आणि संग्रहालयात नेऊन दे. पुढच्या महिन्यात ते लोक पुन्हा तेरला गेले. मुलानं तुकडा स्वतःच्या हातानं तिथल्या कर्मचाऱ्याला दिला. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला, चिठ्ठी वाचली आणि त्याला विचारलं, “देवळाच्या मागच्या बाजूला की नदीकडच्या?” पोरगं विचार करून म्हणालं, नदीकडच्या.